कापडाची पारख आहे, मग ताळेबंदाची का नको?

जुलै-ऑगस्ट उजाडला की पूर्वी पोस्टमन घरोघरी जाडजूड पाकिटं टाकून जायचा. आत गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर हसरे चेहरे आणि मागे आकड्यांच्या रांगाच रांगा. कंपन्यांचे वार्षिक अहवाल! गंमत म्हणजे बऱ्याच घरांत पाकिटावर नाव असायचं बाईचं आणि ते फोडायचे मात्र ‘हे’. दोन पानं चाळली की अहवाल टीपॉयवर पडायचा. मग त्या छान कागदाची कव्हरं मुलांच्या वह्यांना लागायची, नाहीतर तो रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन बसायचा. २०११ पासून हे अहवाल ई-मेलनं पाठवायची परवानगी मिळाली आणि ती पाकिटं हळूहळू थांबली. आता तो अहवाल येतो, पण कुणाच्या ई-मेलवर? पुन्हा ‘ह्यां’च्याच!

‘आपल्याला त्यातलं काय कळतंय?’ हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो. शिकल्यासवरलेल्या, बँकेत, शाळेत, ऑफिसात नोकरी करणाऱ्या बायकाही बोलतात. पण हीच बाई कपड्यांच्या दुकानात शिरली की बघा. कुर्ता हातात घेते, आधी उलटा करते. शिवण बघते, दोरे निघालेत का ते बघते, शिलाईत कापड किती सोडलंय ते बघते, रंग जाईल का याचा अंदाज घेते. किमतीची चिठ्ठी बघते ती सगळ्यात शेवटी. तिला कुणी फसवू शकत नाही. वार्षिक अहवाल वाचणं म्हणजे यापेक्षा वेगळं काही नाही. वरची चकचकीत बाजू बाजूला ठेवायची आणि अहवाल उलटा करून शिवण बघायची.

म्हणून आज एका कपड्यांच्याच कंपनीचा अहवाल समोर घेऊ या. टाटा समूहाची ट्रेंट. हे नाव कदाचित ओळखीचं वाटणार नाही, पण वेस्टसाइड आणि झुडिओ म्हटलं की लगेच ओळख पटेल. ही दोन्ही दुकानं ट्रेंटचीच. या कंपनीच्या जन्मकथेत एक बाई आहे. जन्मानं स्विस असलेल्या सिमोन टाटा १९६१ मध्ये लॅक्मेच्या संचालक मंडळावर आल्या, १९८२ मध्ये अध्यक्ष झाल्या आणि लॅक्मे हे नाव त्यांनी घराघरांतल्या ड्रेसिंग टेबलावर नेऊन ठेवलं. १९९८ मध्ये टाटांनी लॅक्मे हिंदुस्थान लिव्हरला विकली. हाती आलेल्या पैशातून तयार कपड्यांच्या दुकानांचा धंदा उभा राहिला. बंगळूरचं लिटलवुड्स हे दुकान घेतलं, त्याचं वेस्टसाइड झालं आणि कंपनीचं नाव झालं ट्रेंट. २०१६ मध्ये झुडिओ सुरू झालं. सिमोनबाई २०२५ च्या डिसेंबरमध्ये गेल्या. चालता धंदा विकून दुसरा मांडण्याचा हा निर्णय किती मोठा होता, ते पुढचे आकडे सांगतातच.

आता शिवण बघू या. ३१ मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात कंपनीची एकत्रित उलाढाल होती सुमारे १२,३७५ कोटी रुपये. पुढच्या वर्षी ती झाली सुमारे १७,१३५ कोटी. म्हणजे अडतीस टक्क्यांची वाढ. वा! आता नफा बघा. आधीच्या वर्षी सुमारे १,४७७ कोटी, पुढच्या वर्षी सुमारे १,५३४ कोटी. वाढ जेमतेम चार टक्के. विक्री एवढी वाढली आणि नफा जागच्या जागी? कुणालाही वाटेल, धंदा घसरला.

इथंच पान उलटायचं. २०२३-२४ च्या नफा-तोटा पत्रकात ‘अपवादात्मक बाब’ अशी एक ओळ आहे. दुकानांच्या भाडेकरारांचा हिशेब नव्यानं मांडल्यामुळे त्या वर्षी साडेपाचशे कोटींहून अधिक रकमेचा एकवेळचा लाभ कागदावर दिसला. एक कुर्ता जास्त विकला म्हणून तो आलेला नाही. आपल्या घरात एखाद्या वर्षी विम्याची पॉलिसी पिकते आणि हाती रक्कम येते, म्हणून काही ‘ह्यांचा पगार वाढला’ असं आपण म्हणत नाही ना? तसंच हे. तो लाभ आणि त्यावरचा कर बाजूला काढला, तर आधीच्या वर्षीचा खरा नफा हजार-अकराशे कोटींच्या आसपास येतो. मग पुढच्या वर्षीचे १,५३४ कोटी म्हणजे चांगलीच भरघोस वाढ. म्हणजे २०२४ मध्ये नफा फुगलेला दिसला आणि २०२५ मध्ये वाढ आक्रसलेली दिसली. एका ओळीनं दोन्ही वर्षांचं चित्र बदललं. कंपनीनं काही लपवलं नव्हतं, ओळ छापलेली होती. आपण ती वाचायची होती.

दुसरी शिवण दुकानांची. मार्च २०२४ अखेर २३२ वेस्टसाइड आणि ५४५ झुडिओ होती. वर्षभरानं २४८ वेस्टसाइड आणि ७६५ झुडिओ. एका वर्षात झुडिओची सव्वादोनशेच्या आसपास दुकानं वाढली. इतकी दुकानं उघडली की विक्री वाढणारच, त्यात नवल कसलं? खरा प्रश्न असा, की जुनं दुकान पूर्वीपेक्षा जास्त विकतंय का? अहवालात याला ‘लाइक फॉर लाइक’ वाढ म्हणतात. घरात आणखी एका माणसाला नोकरी लागली म्हणून उत्पन्न वाढणं वेगळं आणि आधीच्याच माणसाचा पगार वाढणं वेगळं. ज्या कंपनीत फक्त नवी दुकानं वाढतात आणि जुनी सुस्तावतात, तिथं कान टवकारायचे. उघडली किती ही बातमी कंपन्या मोठ्या अक्षरात छापतात, बंद केली किती ते बारीक अक्षरात. आपण दोन्ही बघायचं.

तिसरी शिवण साठ्याची. ताळेबंदात ‘इन्व्हेंटरी’ म्हणून जो आकडा असतो, तो दुकानात आणि गोदामात पडून असलेल्या मालाचा. फॅशनच्या धंद्यात माल म्हणजे भाजीच. आज ताजी, उद्या शिळी. या मोसमाची छपाई पुढच्या मोसमात कुणी हातात धरत नाही. मग ‘सेल’ लागतो आणि नफा कापला जातो. विक्री शेकडा दहा वाढली आणि साठा शेकडा तीस वाढला, तर समजावं की कपाटं भरत चालली आहेत. आपल्या कपाटात न नेसलेल्या साड्या कशा साठतात, ते आपल्याला कुणी शिकवायला नको! ट्रेंटच्या दुकानांत जवळजवळ सगळा माल कंपनीच्या स्वतःच्या नावांचा असतो. त्यात नफ्याची टक्केवारी आपल्या हातात राहते, पण अंदाज चुकला तर माल परत न्यायला दुसरा कोणी नसतो. एकाच गोष्टीच्या या दोन बाजू.

चौथी शिवण भाड्याची. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे हिशेबाचा नियम बदलला. दहा वर्षांच्या करारानं जागा घेतली असेल, तर पुढं द्यायचं भाडं आजच ‘देणं’ म्हणून ताळेबंदात दाखवावं लागतं. त्यामुळे दुकानांच्या साखळीचा ताळेबंद उघडला की कर्ज केवढं आहे म्हणून छाती दडपते. त्यात बँकेचं किती आणि घरमालकाचं किती, हे वेगळं करून बघायचं. बरं, रोखीच्या पत्रकातही याची गंमत आहे. भाड्याचा मोठा भाग ‘वित्तपुरवठा’ या शीर्षकाखाली जातो, म्हणून धंद्यातून आलेली रोख आहे त्यापेक्षा जास्त दिसते. महिन्याच्या खर्चाच्या वहीत घरभाडं वेगळ्या पानावर लिहिलं, तर किराण्याच्या पानावर शिल्लक दिसणारच. पण पैसे तर त्याच पाकिटातून जातात!

आणि लेखापरीक्षकांचं प्रमाणपत्र विसरायचं नाही. ‘खरं आणि वाजवी चित्र’ असं त्यांनी बिनशर्त म्हटलंय, की ‘अमुक एक सोडून’ असं म्हटलंय? त्या ‘सोडून’मध्येच सगळं असतं. लग्न ठरवताना ‘मुलगा चांगला आहे, फक्त...’ असं कुणी म्हटलं की आपण जसे सावध होतो, तसंच इथं व्हायचं.

एवढं सगळं चांगलं निघालं, तर लगेच शेअर घ्यायचा का? थांबा. २०२४-२५ साठी ट्रेंटनं एका शेअरमागे पाच रुपये लाभांश दिला. मार्च २०२५ अखेर एका शेअरची किंमत पाच हजारांच्या वर होती. म्हणजे शंभर रुपयांमागे दहा पैशांच्या आसपास. ‘टाटांची कंपनी, दरवर्षी डिव्हिडंड येईल, त्यात फराळाचा खर्च निघेल’ अशा हिशेबानं कुणी घेतला असेल, तर पणतीचं तेलसुद्धा निघायचं नाही. आणि २०२५ या एका वर्षात याच शेअरचा भाव सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरला. दुकानं तीच, गर्दी तीच, विक्री वाढतीच. पण वाढीचा वेग मंदावतोय म्हटल्यावर बाजारानं भाव खाली आणला. दुकान चांगलं असणं आणि त्या दुकानाचा शेअर आजच्या भावात चांगला असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साडी सुंदर असते, पण तिच्यासाठी मागितलेली किंमत वाजवी असतेच असं नाही. ‘लेकीला तिथले कपडे आवडतात’ एवढ्यावर कुणी शिल्लक गुंतवू नये.

इथपर्यंत पैशाचं झालं. मला ज्या पानांबद्दल खरं म्हणजे बोलायचंय ती पुढं आहेत. २०२२-२३ पासून सेबीनं बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार कंपन्यांना एक जोड अहवाल सक्तीचा केलाय. नाव लांबलचक आहे, आपण ‘जबाबदारीचा अहवाल’ म्हणू. अहवाल मागवणारे बहुतेक लोक ही पानं उघडतच नाहीत. कंपनीत बायका किती, पुरुष किती? कायम किती, कंत्राटी किती? वर्षभरात नोकरी सोडून गेलेल्या किती? बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर परतलेल्या किती आणि परतल्यावर वर्षभर टिकलेल्या किती? किमान वेतनावर किती जणी आहेत आणि त्याहून जास्त मिळवणाऱ्या किती? पुरुषांचा मध्यम पगार किती, बायकांचा किती? लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या? हे सगळं कोष्टकात द्यावं लागतं.

कपड्यांच्या दुकानात गेलो की आपल्याला भेटतं कोण? पहिल्या पानावरचे अध्यक्ष नाही भेटत. भेटते ती ट्रायल रूमच्या दाराशी उभी असलेली वीस-बावीस वर्षांची मुलगी. आपण सात कपडे आत नेतो, सहा बाहेर ठेवून येतो. ती ते घड्या घालून पुन्हा जागेवर लावते. दिवाळीच्या आधीच्या रविवारी हे किती वेळा होत असेल? आणि तिचे पाय? कापडाच्या, दागिन्यांच्या दुकानांत दिवसभर बसायला स्टूलसुद्धा न मिळणाऱ्या बायकांनी केरळमध्ये आंदोलन केलं. २०१८ मध्ये तिथं कायदा बदलला आणि दुकानात बसायची सोय करणं मालकाला बंधनकारक झालं. २०२१ मध्ये तामिळनाडूनंही तसा कायदा केला. बसायचा हक्क! इतकी साधी गोष्ट मिळवायला कायदा लागला. आपल्या महाराष्ट्रातल्या बाजारपेठांत एकदा या नजरेनं बघा आणि दुकानातल्या किती मुलींना बूड टेकायला जागा आहे ते मोजा.

जबाबदारीच्या अहवालात या मुलीचा आकडा तरी असतो. तो कपडा जिनं शिवला, तिचा बहुतेक वेळा नसतो. कारण शिवणारी बाई असते पुरवठादाराच्या कारखान्यात. ती ‘आमची कर्मचारी’ नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसं गेली. त्यात बहुसंख्य कपडे शिवणाऱ्या बाया होत्या. त्यांनी शिवलेले कपडे जगभरातल्या नामवंत कंपन्यांच्या दुकानांत विकले जात होते. त्या कंपन्यांचे आधीच्या वर्षीचे अहवाल कुणी वाचले असते, तरी त्या इमारतीच्या भिंतींना गेलेले तडे त्यात दिसले नसते.

म्हणूनच एक गोष्ट खटकते. मोठ्या अडीचशे कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांचीही अशी माहिती द्यावी, नाहीतर का देत नाही ते सांगावं, असं सेबीनं २०२३ मध्ये ठरवलं होतं. अंमलबजावणीची वेळ आली तेव्हा कंपन्यांना ते जड जातंय अशी ओरड झाली आणि २०२५ मध्ये ते ऐच्छिक करण्यात आलं. ऐच्छिक म्हणजे काय होतं, ते आपल्याला घरातल्या अनुभवावरून चांगलं माहीत आहे. ‘ज्याला वाटेल त्यानं ताट उचलावं’ म्हटलं की शेवटी ताटं कोण उचलतं? लहान कारखान्यांवर कागदपत्रांचा बोजा पडतो, ही अडचण खरी आहे, ती नाकारायची नाही. पण मोठी दुकानं शिलाईचा दर पैशापैशानं ठरवतात, रंगाची छटा जुळली नाही तर माल परत पाठवतात. इतकी बारीक नजर ज्यांना ठेवता येते, त्यांना त्या कारखान्यात बायका किती, त्यांना किमान वेतन मिळतं का, संकटात बाहेर पडायचा दरवाजा उघडा असतो का, एवढं विचारता येणार नाही? हे पुन्हा सक्तीचं व्हायला हवं, अगदी सगळं एकदम नाही तरी टप्प्याटप्प्यानं.

आणि हे आपण म्हणायचं कुठं? तर कंपनीच्याच सभेत. एक शेअर नावावर असला, तरी वार्षिक सर्वसाधारण सभेला हजर राहण्याचा आणि मत देण्याचा हक्क आहे. सभेच्या निदान एकवीस दिवस आधी अहवाल तुमच्याकडे यायला हवा. २०२० पासून बऱ्याच सभा व्हिडिओवरून होतात. त्यासाठी मुंबई गाठायला नको, पोळ्या आटोपून घरातूनच बसता येतं. आधी नाव नोंदवलं तर प्रश्न विचारता येतो. मतही घरबसल्या, संगणकावरून. आणि ज्यांच्याकडे एकही शेअर नाही, त्यांनाही अहवाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट वाचायला मिळतो. संचालक मंडळावर निदान एक स्त्री हवी असं २०१३ चा कंपनी कायदा सांगतो, मोठ्या कंपन्यांत ती स्वतंत्र संचालक हवी असं सेबी सांगते. मंडळावर बाई आली, ते चांगलंच झालं. पण समोर बसून तिला प्रश्न विचारणाऱ्या बायका कुठायत?

शेवटी आपल्या घरातलं. करासाठी म्हणा, सोयीसाठी म्हणा, शेअर बायकोच्या नावावर घेतलेले असतात. सही तिची, निर्णय त्यांचा. मग एक दिवस ‘ते’ जातात आणि कपाटातल्या फायलींसमोर ती एकटी बसते. कुठल्या कंपन्या, किती शेअर, कुठल्या खात्यात लाभांश, काही ठाऊक नसतं. सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही, तर ती रक्कम सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जाते. सलग सात वर्षं असं झालं, तर शेअरही तिकडे जातात. अर्ज करून परत मिळतात, पण किती हेलपाटे, किती कागद! हे टाळायचं तर आजच बसायचं. सगळ्या गुंतवणुकींची एका वहीत यादी करायची, नामनिर्देशन झालंय का ते बघायचं, बँक खातं आणि ई-मेल आपला आहे का ते तपासायचं. नवऱ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. गॅसचं पुस्तक कुठं आहे ते जसं घरातल्या दोघांना माहीत हवं, तसंच हेही.

कंपन्यांनाही एक सांगणं आहे. तुमची दुकानं आता आमच्या जिल्ह्याच्या गावांपर्यंत आली. पाट्या मराठीत लावता, जाहिराती मराठीत करता. मग शेकडो पानांच्या इंग्रजी अहवालाचा दहा पानी मराठी गोषवारा काढायला कितीसा खर्च येईल?

तोवर आपण सुरुवात करू या. भिशीला आपण दर महिन्याला जमतोच. एका महिन्यात पदार्थाबरोबर एक अहवालही आणू या, ज्या दुकानातून आपण सगळ्या कपडे घेतो त्याच कंपनीचा. एकीनं विक्री-नफा बघायचा, एकीनं साठा, एकीनं भाडं, एकीनं बायकांची कोष्टकं. पहिल्या वेळी अर्धं डोक्यावरून जाईल. जाऊ दे. पहिला स्वेटर विणला तेव्हा तरी बाह्या कुठं सारख्या झाल्या होत्या?